घरी पाच आहेत

अण्णा एकतीस वर्षं बस डेपोत ड्यूटी-चार्ट लावायचे. कुठल्या गाडीवर कुठला ड्रायव्हर आणि त्याच्या सोबतीला कुठला कंडक्टर, हे रोज संध्याकाळी चारला ते एका मोठ्या तक्त्यावर लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी तीन-साडेतीनशे माणसं त्याप्रमाणे हलायची. काम तसं कारकुनीच, पण अण्णांनी ते कधी कारकुनी मानलं नाही. कोणाला कोणाबरोबर पाठवलं की गाडी वेळेवर येते आणि कोणाला पाठवलं की तक्रारवहीचं पान भरतं, हे आपल्याइतकं कोणाला कळत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. ती अगदीच खोटी नव्हती, म्हणून तर निवृत्तीनंतरही गेली नाही.

त्यांचा एक लाडका सिद्धांत होता. टोळी फोडा. चार उनाड ड्रायव्हर एका पाळीत आले की एकमेकांच्या जिवावर उड्या मारतात. त्यातला एकेक उचलायचा आणि शहाण्यासुरत्या माणसांत नेऊन बसवायचा. महिन्याभरात गरीब गाय होतो. हा सिद्धांत घरात इतक्या वेळा सांगून झाला होता की अण्णांनी "टोळी" म्हटलं की मुलगा पाण्याचा घोट घेऊन "गरीब गाय" म्हणून टाकायचा.

पण आता डेपोत चार्ट संगणक लावत होता आणि घरात लावायला माणसं होती चार. अण्णा स्वतः, मुलगा, सूनबाई, आणि गेल्या अकरा महिन्यांपासून सूनबाईंची आई, म्हणजे विहीणबाई. विहीणबाईंचा पाय मोडला, एकटीनं तिसऱ्या मजल्यावर राहणं जमेना, तेव्हा लेकीनं त्यांना इकडे आणलं. घर अण्णांच्या नावावरचं. त्यांची पत्नी जाऊनही आता सहा वर्षं झाली होती आणि एक खोली रिकामीच होती. अण्णा नाही म्हणाले नाहीत. हो असंही म्हणाले नाहीत. "बघा बुवा तुमची सोय," एवढंच म्हणाले, आणि सगळ्यांनी तोच होकार धरला.

आईचा दिवस जात नाही म्हणून सूनबाईंनी एक मत्स्यपेटी आणली. दीड फूट लांब, फूटभर रुंद, बैठकीतल्या बुटक्या कपाटावर मावेल एवढी. विहीणबाईंनी ती हातात घेतली आणि मग मात्र घाई म्हणून केली नाही. तळाला खडी घातली, दोन वनस्पती लावल्या, पाणी भरलं, पंप सुरू केला आणि महिनाभर त्यात एकही मासा सोडला नाही. पाणी आधी तयार व्हावं लागतं, असं त्या म्हणायच्या. अण्णा येता-जाता विचारायचे, "काय विहीणबाई, पाणीच पाळायचं ठरलंय का?"

त्या हसायच्या. उलट बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

महिन्यानं त्या काठी टेकत दुकानात गेल्या. एकदा नाही, तीनदा. लहान जागा आहे, भांडखोर नको, मोठा होणारा नको, सगळेच वरच्या पाण्यात फिरणारेही नकोत, असा विचार करून त्यांनी सहा निऑन टेट्रा आणले, आडवी निळी रेघ असलेले, करंगळीच्या पेराएवढे. आणि एक फायटर. नाव फायटर, पण याच्याइतका भिडस्त प्राणी सापडायचा नाही. गडद निळे लांबलचक पंख सावरत तो इतका हळू फिरायचा की विहीणबाईंनी त्याला नवरदेव नाव ठेवलं. सकाळी त्या काचेजवळ आल्या की तो पुढे यायचा. आठवड्याला चौथाई पाणी बदलायचं, नळाचं पाणी दिवसभर बादलीत ठेवून मगच घालायचं, खाणं दोन चिमट्या, असा त्यांचा नेम.

आणि घराची बैठकच बदलली. मुलगा कामावरून आला की बूट काढायच्या आधी टाकीसमोर बसायचा. पूर्वी तो अण्णांच्या समोर बसायचा. सूनबाईंच्या ऑफिसातल्या बाईनं विहीणबाईंचा नंबर मागून घेतला. एक दिवस खालच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. अण्णांनी दार उघडलं आणि म्हटलं, "या, बसा, बोला." ते म्हणाले, "तुमच्याकडे नाही हो, मावशींकडे आलोय. आमचे मासे मरतात, त्यांना विचारायचं होतं." अण्णा बाजूला झाले. पुढचा अर्धा तास ते वर्तमानपत्र वाचत होते आणि एक ओळ डोक्यात शिरत नव्हती. शिरला तो मासा.

दुसऱ्याच दिवशी ते त्याच दुकानात गेले.

दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. भिंतभर काचेच्या टाक्या, प्रत्येकीत बुडबुडे, फरशी कायम ओली, आणि मधोमध कोपरापर्यंत बाह्या सारलेली, चष्मा डोक्यावर ढकललेली दुकानवाली. ती गिऱ्हाइकाला आधी मासा दाखवायची नाही, आधी चौकशी करायची.

"घरी कोण कोण आहे?" तिनं विचारलं.

"मी, मुलगा, सूनबाई आणि विहीणबाई," अण्णा म्हणाले.

"टाकीत, काका."

मागचं गिऱ्हाईक हसलं. एरवी अण्णाही हसले असते, पण आज ते जाणकार म्हणून आले होते आणि पहिल्याच वाक्याला पडले होते. त्यांनी उत्तर न देता एका टाकीकडे बोट केलं. पिवळट अंग, काळे उभे पट्टे, आणि क्षणभर म्हणून स्वस्थ नाही. टायगर बार्ब. पंचवीस-तीस जण एकमेकांच्या मागे पळत होते. अण्णांना हे ओळखीचं वाटलं. डेपोतली दुपारची पाळी अशीच होती.

"यातला एक द्या."

"एकटा नाही देत मी हा," दुकानवाली म्हणाली. "सहा तरी न्यावे लागतात, आणि त्यांना जागा मोठी लागते. टोळीत असला की आपसात पळापळी करतो, दुसऱ्याकडे बघत नाही. एकटा पडला की मग इतरांच्या शेपट्या कुरतडतो. लांब पंखांचं कुणी असेल तर मुळीच नको."

म्हणजे अण्णांच्या सिद्धांताच्या अगदी उलट. एकतीस वर्षांचा अनुभव एकीकडे आणि ही ओल्या बाह्यांची बाई एकीकडे. तसं त्यांनी तिला तोंडावर सांगायला हरकत नव्हती, पण मागे माणसं उभी होती आणि त्यातलं एक नुकतंच हसलं होतं.

"घरी पाच आहेत," अण्णा म्हणाले. "एक मेला. म्हणून हवाय."

"आणि लांब पंखांचं?"

"छे, छे."

खोटं बोलायची अण्णांना सवय नव्हती, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. पण नवशिक्याचं खोटंही खपतं. दुकानवालीनं जाळी टाकून एक टायगर काढला, पिशवीत पाणी भरलं, तोंडाला रबर बांधलं आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

घरी आल्यावर ते म्हणाले, "दुकानात नीट विचारून आणलाय. चालतो म्हणाली."

विहीणबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता; त्यांनी नाक काचेला टेकेल इतकं पुढे जाऊन पाहिलं. "छान आहे. चपळ आहे हो." मग म्हणाल्या, "पण एकटा बरा राहील ना?"

"एकटा आहे म्हणूनच शहाणा राहील. टोळी..."

"गरीब गाय," मुलगा म्हणाला आणि सगळे हसले. अण्णाही हसले. त्या संध्याकाळी सगळे टाकीसमोर बसले होते आणि अण्णा मधल्या खुर्चीत होते. त्यांना फार बरं वाटलं.

चार-पाच दिवस नीट गेले. मग नवरदेवाच्या शेपटीची कड दातरल्यासारखी दिसायला लागली. मग तिला एक खाच पडली. एका दुपारी घर सामसूम असताना अण्णा टाकीसमोर बसले होते. टायगर वनस्पतीच्या आडून निघाला, सरळ जाऊन त्यानं निळ्या पंखाचा लचका तोडला आणि वळून पुन्हा आड गेला. एकदा नाही, दहा मिनिटांत चार वेळा. नवरदेव पळायचा प्रयत्न करत होता, पण तेवढे पंख घेऊन पळणार कुठे. अण्णांनी काचेवर टकटक केलं. टायगरनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. एक मासा, एक पिशवी, परत दुकान. पण मासा परत करायचा म्हणजे का करायचा ते सांगायचं, आणि का ते सांगायचं म्हणजे दुकानात काय बोललो तेही बाहेर यायचं. अण्णांनी स्वतःची समजूत घातली. नव्या माणसाला नव्या मार्गावर रुळायला पंधरा दिवस लागतातच. डेपोत नाही का लागायचे?

दोन दिवसांनी चहाच्या वेळी विहीणबाई म्हणाल्या, "अण्णा, मला नीट दिसत नाही, पण तो पट्ट्यांचा मासा नवरदेवाला त्रास देतो असं वाटतं. तुम्ही विचारलं होतंत ना दुकानात?"

मुलगा समोर होता, सूनबाई समोर होत्या. "विचारल्याशिवाय आणीन का मी?" अण्णा म्हणाले. "मासा कशाला काय करेल? पाणी बघा तुमचं. हल्ली तुम्हाला दिसत नाही. बादलीला साबण राहिला असेल, खाणं जास्त पडत असेल. पाणी बिघडलं की पंख असेच झडतात."

पंख पाण्यानंही झडतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशाच असतात. त्यात अर्धं खरं असतं.

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "असेल हो," त्या म्हणाल्या. त्यांनी बादली तीनदा धुतली. नंतर सूनबाई बादलीत हात घालून वास घेताना अण्णांनी पाहिलं.

बुधवारी विहीणबाई "जरा चालून येते" म्हणून गेल्या आणि दीड तासानं आल्या. घामाघूम झाल्या होत्या. स्वयंपाकघरातली मोठी काचेची बरणी घासली, तिच्यात टाकीतलंच पाणी भरलं, आणि वाटीनं अलगद उचलून नवरदेवाला बरणीत हलवलं. बरणी ओट्याच्या टोकाला, खिडकीपासून दूर ठेवली. टायगरला मात्र त्यांनी हात लावला नाही.

"हे काय नवीन?" संध्याकाळी सूनबाईंनी विचारलं.

"जरा विश्रांती मिळू दे त्याला," विहीणबाई म्हणाल्या.

"मासे असे हलवायचे नसतात," अण्णा म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं. "धक्का बसतो त्यांना."

नवरदेवाच्या अंगावर तोवर शेपटी अशी उरलीच नव्हती. शुक्रवारी सकाळी तो बरणीच्या तळाशी आडवा पडलेला दिसला. सूनबाई ऑफिसला निघाल्या होत्या, एक हात पर्सच्या पट्ट्यात होता. त्यांनी बरणीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. ओरडल्या नाहीत. दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "आई, अण्णा सांगत होते ना हलवू नकोस म्हणून? तू आता टाकीला हात लावू नकोस. मी बघीन सगळं."

"बरं," विहीणबाई म्हणाल्या.

त्यांनी खाण्याची डबी आपल्या खोलीतल्या खिडकीतून उचलली आणि लेकीच्या टेबलावर नेऊन ठेवली. जाळी ठेवली, पाणी काढायची नळी गुंडाळून ठेवली. सकाळी सातपासून रात्रीपर्यंत या बाईला घरात दुसरं काही काम नव्हतं. चुलीपाशी उभं राहणं पायाला झेपत नव्हतं आणि डोळ्यांमुळे वाचणं संपलं होतं. संध्याकाळी सगळे असताना त्या म्हणाल्या, "रविवारी बहिणीकडे जाईन म्हणते. ती बोलावतेय कधीची."

बहिणीचं घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. विहीणबाईंना तिथे जागा मिळणार ती बोळातल्या गादीवर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "किती दिवस?" सूनबाईंनी विचारलं. "बघू," त्या म्हणाल्या. मुलानं अण्णांकडे पाहिलं. घरातल्या मोठ्या माणसानं अशा वेळी 'कशाला जाता, राहा' म्हणायचं असतं, म्हणून पाहिलं. अण्णांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

शनिवारी मुलगा आणि सूनबाई कामाला गेल्यावर अण्णांनी जाळी घेतली. टायगर दुकानात परत द्यायचा आणि घरी सांगायचं की ओळखीतल्या एकाला हवा होता. तेवढ्यानं काय निस्तरणार होतं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. पण तो पट्टेवाला टाकीत फिरताना दिसला की त्यांना जेवण जात नव्हतं. पाऊण तास ते मागे लागले. जाळी डावीकडे की मासा उजवीकडे. बाह्या भिजल्या, फरशीवर पाणी झालं, एक वनस्पती मुळासकट वर आली. पलीकडच्या खोलीत विहीणबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. त्यांना सगळं ऐकू येत असणार. एरवी त्या लगबगीनं आल्या असत्या. आज आल्या नाहीत. टाकीला हात लावायचा नाही, असं त्यांना सांगितलेलं होतं.

दुकानात गर्दी होती. अण्णांनी पिशवी पुढे केली. "हा परत घ्या. पैसे नकोत."

दुकानवालीनं चष्मा खाली ओढून त्यांना ओळखलं. "अहो, तुम्हीच ते. बरं झालं आलात. तुमच्या घरच्या त्या काठीवाल्या मावशी बुधवारी येऊन गेल्या."

अण्णांचा हात पुढेच राहिला.

"पाणी कसं बदलतात, खाणं किती घालतात, सगळं सांगितलं त्यांनी. म्हणाल्या, माझंच कुठेतरी चुकतंय, काय ते सांगा. मी म्हटलं पाण्यात काही चूक नाही, टाकीत कोण कोण आहे? तर म्हणे सहा निऑन, एक फायटर आणि एक टायगर. एक! मी म्हटलं, मी त्या काकांना स्पष्ट सांगितलं होतं, ते म्हणाले घरी पाच आहेत, लांब पंखांचं कोणी नाही. तर म्हणाल्या, त्यांना मीच तसं सांगून पाठवलं होतं. त्यांचा काही दोष नाही." दुकानवालीनं पिशवी घेतली, उजेडात धरून मासा पाहिला. "मग मीही बोलले. फार बोलले हो. चार गिऱ्हाइकं उभी होती. म्हटलं, वय झालं म्हणून काहीही सांगायचं का? मुक्या जिवाशी खेळ आहे हा. खाली मान घालून ऐकून घेतलं बिचारीनं. जाताना म्हणाल्या, त्यांना काही बोलू नका, ते हौसेनं घेऊन आलेत." तिनं पिशवीचं रबर सोडलं. "मला नंतर वाईट वाटलं. विसरल्या असतील, नाही का?"

हीच वेळ होती. चार शब्द बोलायचे होते, तेही परक्या बाईसमोर, जिच्याकडे पुन्हा कधी आलं नसतं तरी चाललं असतं. अण्णांनी तोंड उघडलं.

"हो," ते म्हणाले. "त्या जरा विसरभोळ्याच आहेत."

बाहेर आल्यावर पुढच्या दुकानाच्या पायरीवर ते बसले. ऊन होतं, माणसं पिशव्या घेऊन जात होती, एक बाई त्यांना "बरं वाटत नाही का?" म्हणून विचारून गेली. त्यांना लाज वाटत होती. अशी लाज त्यांना आजवर वाटली नव्हती. डेपोत एकदा साहेबांनी सगळ्यांदेखत तक्ता फाडला होता तेव्हाही नाही. तेव्हा रागाचा आधार होता. आता रागवायला माणूसच नव्हतं. बुधवारी ती बाई मोडका पाय ओढत इथवर आली होती, या ओल्या फरशीवर उभी राहिली होती आणि त्यांचं खोटं स्वतःच्या पदरात घेऊन गेली होती. घरी जाऊन बरणी घासली होती. त्यावर आपण काय म्हणालो? मासे असे हलवायचे नसतात. आणि आत्ता, सगळं कळल्यावर, विसरभोळ्या. पहिल्या खोट्याला निदान मूर्खपणाचं निमित्त होतं. या शेवटच्याला कसलंच नव्हतं.

रात्रीचं जेवण त्यांच्याकडे लवकर असायचं, आठच्या आत. चौघं बसली. सूनबाईंनी टाकीकडे पाहून विचारलं, "टायगर दिसत नाही तो?"

ओळखीतल्या एकाला दिला, हे वाक्य अण्णांनी येताना घोकून ठेवलं होतं. ते जिभेवर आलंही. त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"दुकानात परत दिला," ते म्हणाले. "नवरदेवाला त्यानंच मारलं. मी बघितलं होतं डोळ्यांनी, आठवड्यापूर्वीच. दुकानवालीनं मला आधीच सांगितलं होतं, एकटा नेऊ नका, लांब पंखाच्या माशाबरोबर तर नकोच. मी तिला खोटं सांगितलं. घरी असले पाच आहेत म्हणालो." ते थांबले नाहीत. "पाण्यात काही बिघाड नव्हता. साबणबिबण काही नव्हता. विहीणबाई बुधवारी दुकानात जाऊन आल्या, त्यांना तिथे सगळं कळलं, आणि तिथेही त्यांनी दोष स्वतःवर घेतला. त्या बाईनं चारचौघांत त्यांना नको ते सुनावलं. आज तिनं मला ते सांगितलं, तर मी म्हणालो, हो, त्या विसरभोळ्याच आहेत."

मुलगा "अण्णा," एवढं म्हणाला. त्यानं एकदम पाणी पिऊन घेतलं.

सूनबाई आईकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते. "तुला माहीत होतं? मी तुला इतकं बोलले, हात लावू नकोस म्हणाले, तेव्हाही तू गप्प बसलीस? आई, का नाही सांगितलंस?"

विहीणबाईंना या बोलण्याचा त्रास होत होता, हे दिसत होतं. त्यांना अण्णांकडे बघवत नव्हतं. लाजायचं काम जणू तेही त्यांनीच घेतलं होतं. "अगं, काय सांगायचं त्यात," त्या म्हणाल्या. "घर त्यांचं आहे. त्यांनी आणलेला मासा मी कसा काढू? आणि त्यांना खोटं पाडून मग मी इथे राहू कशी?"

रागानं नाही म्हणाल्या. नळ कुठल्या बाजूला फिरतो ते सांगावं, तसं म्हणाल्या.

अण्णांना बोलायचं होतं की घर तुमचंही आहे. वाक्य अगदी तयार होतं. पण त्याच सकाळी मुलानं विचारलं होतं, "आईंच्या खोलीतला दिवा गेलाय दोन दिवसांपासून, आणू का नवा?" आणि अण्णांनी दात घासता घासता उत्तर दिलं होतं, "पाहुण्यांच्या खोलीतला ना? रविवारनंतर लाव. काय घाई आहे?" तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. आत, खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात, डोळ्यांनी अधू बाई कपड्यांच्या घड्या घालत बसली होती. अकरा महिने ती खोली पाहुण्यांची होती. त्यांनीच ठरवलं होतं, आणि तिला ते रोज ऐकू आलं होतं.

ते जेवणावरून उठले. हात धुतले. कपाटाच्या खालच्या खणात चाचपून एक नवा दिवा काढला, स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं आणि त्या खोलीच्या दारापर्यंत गेले. आत अंधार होता. एरवी ते सरळ आत जायचे. आपली इस्त्री तिथे आहे, आपले जुने कागद तिथे आहेत, विचारायचं कोणाला? आज त्यांचं पाऊल पुढे पडेना. ते मागे वळले.

"विहीणबाई," ते म्हणाले, "तुमच्या खोलीत येऊ का?"

त्यांना उत्तर द्यायला वेळ लागला. तेवढा वेळ अण्णा एका हातात स्टूल आणि एका हातात दिवा घेऊन दाराबाहेर उभे राहिले.